लिफ्ट बंद झाली की डोंगर कुणाचा? आल्प्समधल्या ऑफ-सीझन माउंटन बायकिंगवरून काय वाद सुरू आहे?

सप्टेंबर संपत आला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेला रील फिरायला लागतो. पिवळीधमक झालेली लार्चची झाडं, मागे नुकताच बर्फ पडलेला सुळका, समोर नागमोडी पायवाट आणि तिच्यावरून सुसाट खाली येणारा सायकलस्वार. गर्दी नाही, रांग नाही, तिकीट नाही. खाली कॉमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, ही जागा कुठे आहे?

जागा बऱ्याचदा आल्प्समधली असते. फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया नाहीतर इटली. रीलमध्ये दिसत नाही ते एवढंच, की त्या दिवशी तिथली लिफ्ट बंद असते. ती सगळी शांतता त्यामुळेच असते. लिफ्ट बंद म्हणजे ट्रेलवर गस्त नाही, रस्ता दुरुस्त करणारी माणसं नाहीत, आणि डोंगरावर तेव्हा दुसऱ्याच लोकांचा हंगाम सुरू असतो. शिकाऱ्यांचा, गुराख्यांचा, लाकूडतोड करणाऱ्यांचा.

आतापर्यंत हे दोन हंगाम एकमेकांच्या वाटेला फारसे जात नव्हते. आता जातायत. कारण बर्फ कमी होतोय, रिसॉर्टना बारा महिने पर्यटक हवे आहेत आणि ई-बाइकमुळे वर जायला लिफ्ट लागतेच असं राहिलेलं नाही.

लिफ्टचा हंगाम म्हणजे नक्की काय?

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर 'पोर्ट द्यु सोलेय' नावाचा भाग आहे. १२ रिसॉर्ट, त्यातले बहुतेक एकमेकांना लिफ्टने जोडलेले, हिवाळ्यात सुमारे ६०० किलोमीटर स्कीइंगचे उतार. यातली मोर्झीन आणि ले जे ही गावं उन्हाळ्यात माउंटन बायकिंगची पंढरी होतात. ले जेमध्ये २००४ आणि २०२२ साली माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. शेजारच्या स्विस शांपेरीमध्ये २०११ साली झाली. म्हणजे आडगाव वगैरे अजिबात नाही.

इथं वर्षाचे सरळ चार तुकडे पडतात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत स्की. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सायकली. हिवाळ्यात ज्या लिफ्टवर स्की घेऊन माणसं चढतात, तिच्याच खुर्च्यांवर उन्हाळ्यात सायकल अडकवायचे हुक बसवले जातात. दिवसभराचा पास काढायचा, वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. डाउनहिलची सायकल जड असते, तिच्यावर पेडल मारत हजार मीटर चढणं जवळपास अशक्य. त्यामुळे हा खेळ लिफ्टवर उभा आहे.

उरलेले दोन तुकडे, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबर. या काळात गाव झोपतं. हॉटेलांना कुलूप, बेकरी आठवड्यातून काहीच दिवस उघडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हंगामी कामगार निघून गेलेले असतात आणि सेकंड होमवाल्यांची घरं बंद असतात. फ्रेंचमध्ये अशा रिकाम्या घरांना 'थंड बिछाने' म्हणतात.

मे-जूनमध्ये स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना याची थोडी कल्पना असेल. आपली शाळांची सुट्टी नेमकी त्यांच्या झोपेच्या काळात येते. टिटलिस, युंगफ्राउयोख अशी मोठी ठिकाणं चालू असतात, म्हणून टूर पॅकेजमध्ये ते जाणवत नाही. पण एखाद्या छोट्या गावात स्वतःहून गेलात तर लिफ्टवर 'जूनमध्ये भेटू' अशा अर्थाची पाटी दिसण्याची शक्यताच जास्त.

मग आता हा काळ अचानक का हवाहवासा झाला?

कारण बर्फाचा भरवसा उरला नाही. २०२३ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दोन अभ्यास आले. पहिल्यात आल्प्समधल्या झुडपांच्या खोडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून सहा शतकांचा बर्फाचा इतिहास काढला होता. निष्कर्ष असा, की आता बर्फ जमिनीवर टिकून राहतो तो काळ दीर्घकालीन सरासरीपेक्षा ३६ दिवसांनी कमी झालाय. दुसऱ्यात युरोपातली २,२३४ स्की रिसॉर्ट तपासली. जगाचं तापमान २ अंशांनी वाढलं आणि कृत्रिम बर्फ वापरला नाही, तर त्यातल्या ५३ टक्के रिसॉर्टना बर्फाच्या तुटवड्याचा अतिशय मोठा धोका असेल. ४ अंशांनी वाढलं तर हा आकडा ९८ टक्क्यांवर जातो.

मोर्झीन समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटरवर आहे, ले जे त्याहून थोडं वर. आल्प्सच्या हिशेबात ही उंची कमीच. म्हणजे बर्फ आधी जाणार तो इथून. २०२३ च्या जानेवारीत युरोपभर विक्रमी ऊब होती, तेव्हा अशा कमी उंचीच्या रिसॉर्टचे हिरवेगार उतार आणि त्यातून गेलेली पांढरी चिंचोळी पट्टी, असे फोटो जगभर छापून आले होते.

तेव्हापासून सगळीकडे एक शब्द ऐकू येतो, 'चार हंगामांचं रिसॉर्ट'. कल्पना ऐकायला सोपी आहे. हिवाळ्यात जे बुडेल ते बाकीच्या महिन्यांत कमवायचं. उन्हाळा तर आधीच भरलेला आहे, मग वाढवायचं काय? कडेचे महिने.

फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने, म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर अहवाल दिला आणि या उत्साहावर बऱ्यापैकी पाणी ओतलं. त्यांचं म्हणणं, नव्या उपक्रमांच्या नावाखाली रिसॉर्ट बऱ्याचदा स्कीचंच मॉडेल पुन्हा उभं करतायत. मोठी गुंतवणूक, मोठी गर्दी, आणि पुढे चालवण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून. माउंटन बायकिंगला हे तंतोतंत लागू होतं. स्की करणारे लोक घेतात त्या किमतीचे पास सायकलवाले घेत नाहीत, आणि ते येतातही तुलनेनं कमी.

लिफ्ट थोडे दिवस जास्त चालवली तर बिघडतं कुठे?

हा प्रश्न दर सप्टेंबरला विचारला जातो. हवा छान असते, माती घट्ट असते, सायकलवाल्यांच्या मते वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तेच. पण गोंडोला रिकामी चालवा की भरलेली, वीज आणि माणसं जवळपास तेवढीच लागतात. खाली ऑपरेटर, वर ऑपरेटर, मेकॅनिक, ट्रेलवरची गस्त. ऑक्टोबरातल्या मंगळवारी चाळीस सायकली येणार असतील तर हिशेब जुळत नाही.

दुसरं कारण पर्यटकांना माहीतच नसतं. लिफ्टची मोठी दुरुस्ती होते ती याच महिन्यांत. तार चुंबकीय यंत्राने तपासायची, खुर्चीला तारेवर घट्ट धरणारे चिमटे उतरवून, उघडून बघायचे, खांबावरची चाकं बदलायची. ठरावीक तास चालल्यावर संपूर्ण तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. डिसेंबरमध्ये लिफ्ट सुरू व्हायलाच हवी, म्हणून हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकावं लागतं.

तरी काहींनी जमवलंय. ऑस्ट्रियातलं लिओगांग मेच्या सुरुवातीपासून थेट नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बाइकपार्क चालवतं. पण लिओगांगचं उदाहरण देताना एक गोष्ट गाळली जाते. तिथल्या बाइकपार्कचे मुख्य ट्रेल डोंगराच्या खालच्या आणि मधल्या भागात आहेत, तिथला बर्फ लवकर वितळतो. १,८०० मीटरच्या वर मे महिन्यात ट्रेलवर चिखल आणि बर्फाचा लगदा असतो. त्यावरून शंभर सायकली गेल्या की ब्रेकच्या जागी खड्डे पडतात, त्यात पाणी साचतं, आणि जूनमध्ये ट्रेल क्रूला ते सगळं पुन्हा भरावं लागतं.

ई-बाइकने काय बदललं?

सगळंच. आधी लिफ्ट बंद झाली की डोंगर आपोआप बंद व्हायचा. वर जायची ताकद असलेले मोजकेच लोक जायचे. लिफ्ट ही वाहतुकीची सोय होतीच, पण न सांगता ती दरवानाचंही काम करत होती.

युरोपात ई-बाइकची मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणारी असली की कायदा तिला साधी सायकल मानतो. एका चार्जमध्ये साधारण हजार ते दीड हजार मीटर चढ सहज होतो. जर्मनीत २०२३ साली पहिल्यांदाच साध्या सायकलींपेक्षा ई-बाइक जास्त विकल्या गेल्या. आणि आल्प्समध्ये येणारे बरेचसे सायकलवाले जर्मनीतूनच येतात.

म्हणजे आता ऑक्टोबरातल्या शनिवारी कुणीही, फारसा दम न लागता, दोन हजार मीटरवर पोचू शकतो. रिसॉर्टला त्यातून पासचा एक युरो मिळत नाही. ट्रेल मात्र झिजतो.

त्या वेळी वर असतं कोण?

इथून विषय गंभीर होतो.

जूनमध्ये गाई वरच्या कुरणांवर जातात, साधारण शंभर दिवस तिथं राहतात आणि सप्टेंबरमध्ये गळ्यात मोठ्या घंटा, डोक्यावर फुलं अशा थाटात खाली उतरतात. आबाँदांस, रब्लोशाँ ही चीज या गाईंच्या दुधाची. स्वित्झर्लंडच्या या चराईच्या हंगामाला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मेंढ्या बऱ्याचदा त्यानंतरही वर राहतात आणि त्यांच्यासोबत 'पातू' नावाचे पांढरे, दांडगे राखणदार कुत्रे असतात. फ्रान्समध्ये १९९२ साली लांडगा परतला, तेव्हापासून यांची संख्या वाढली. पातूला सायकल म्हणजे कळपावर वेगाने येणारं काहीतरी, एवढंच कळतं. सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरायची आणि हळू चालत कळपाला वळसा घालायचा, हा तिथला नियम आहे.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सांबराच्या जातकुळीतल्या लाल हरणांचा माजाचा काळ असतो. नर दिवसचे दिवस धड खात नाहीत, आणि लगेच पुढे हिवाळा. या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी पळवलेल्या जनावराची चरबी खर्च होते ती भरून येत नाही. हेल्मेटवर प्रखर दिवा लावून रात्री ट्रेल उतरायची फॅशन आलीये, त्यावर वनरक्षक चिडतात ते यासाठी.

आणि तिसरे, शिकारी. आल्प्समध्ये शिकार हा श्रीमंतांचा शौक नाही, गावकऱ्यांची जुनी रीत आहे. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात सप्टेंबर हा मोठ्या शिकारीचा महिना. फ्रान्समध्ये हंगाम सप्टेंबरपासून हिवाळा संपेपर्यंत चालतो.

१३ ऑक्टोबर २०१८ या दिवशी मोर्झीनच्या शेजारच्या माँत्रियाँ गावात ३४ वर्षांचा एक ब्रिटिश माणूस सायकलवरून उतरत होता. तो ले जेमध्येच राहायचा, तिथं रेस्टॉरंट चालवायचा, म्हणजे डोंगर ओळखणारा माणूस. हाकारा घालून चाललेल्या शिकारीत २२ वर्षांच्या एका शिकाऱ्याची गोळी त्याला लागली आणि तो जागीच गेला. त्याच्या अंगावर ठळक रंगाचे कपडे होते, डोक्यावर हेल्मेट होतं, असं सरकारी वकिलांनी तेव्हा सांगितलं. वाट लोकांच्या नेहमीच्या वापरातली होती.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, फ्रान्सच्या नैऋत्येला लोत जिल्ह्यात घराजवळ लाकडं तोडणारा २५ वर्षांचा तरुण असाच गोळी लागून गेला. त्यानंतर सिनेटच्या संकेतस्थळावरच्या याचिकेवर लाखाहून जास्त सह्या झाल्या. मागणी अशी, की रविवारी शिकार बंद ठेवा. सिनेटने चौकशी केली, सप्टेंबर २०२२ मध्ये अहवाल आला आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने योजना जाहीर केली. दारू पिऊन शिकारीला बंदी, प्रशिक्षणात वाढ, शिकार कुठे चालू आहे ते दाखवणारं ॲप. रविवारची सुट्टी मात्र दिली नाही.

शिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. अपघात वीस वर्षांत बरेच कमी झालेत, हे खरं आहे. २०२१-२२ च्या हंगामात फ्रान्सभर ९० अपघात झाले, ८ जण गेले, त्यातले ६ स्वतः शिकारीच होते. रानडुकरं आणि हरणं आवाक्यात ठेवली नाहीत तर शेती आणि कोवळं जंगल खलास होतं, हेही खरं. पण उरलेले दोघे शिकारी नव्हते. शनिवार-रविवारी शिकारीलाही सुट्टी आणि सायकलवाल्यालाही सुट्टी, अशी गाठ पडत असताना ॲप बघून वाट बदलायची जबाबदारी एकट्या सायकलवाल्यावर टाकणं हे सरकारने स्वतःची सुटका करून घेणं आहे.

कायदा कुणाच्या बाजूने?

देशागणिक उत्तर वेगळं आहे, आणि सीमा तर ट्रेलच्या मधून जाते.

स्वित्झर्लंडमध्ये नागरी संहितेच्या कलम ६९९ नुसार जंगल आणि कुरण सगळ्यांना खुलं आहे. त्यावर २०१८ साली जनमत घेऊन ७३.६ टक्के लोकांनी सायकलमार्ग थेट राज्यघटनेत आणले. त्याचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे आणि त्यात माउंटन बाइकचे मार्गही येतात. प्रत्येक प्रांताने २०२७ च्या अखेरपर्यंत आराखडा करायचा आणि २०४२ पर्यंत तो प्रत्यक्षात आणायचा. म्हणजे सायकल कुठे चालेल आणि कुठे नाही, यावर स्विस गावांमधली खरी वादावादी होते ती या आराखड्यांवर.

ऑस्ट्रियात बरोबर उलट. १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिला, सायकलला नाही. माउंटन बाइक हा प्रकारच तेव्हा नव्हता. त्यामुळे जंगलातल्या रस्त्यावरूनही सायकल न्यायची तर मालकाची परवानगी हवी, नाहीतर तो दिवाणी दावा ठोकू शकतो. टिरोल राज्याने १९९७ पासून यावर तोडगा काढलाय. सरकार मालकाशी करार करतं, मोबदला देतं, अपघाताच्या जबाबदारीचा विमा काढतं. असे करार केलेल्या मार्गांवर बऱ्याचदा महिने आणि वेळ ठरलेली असते. सूर्यास्तानंतर तुम्ही तिथं बेकायदा.

मालक एवढे का घाबरतात, याला एक निमित्त आहे. टिरोलच्या एका कुरणावर २०१४ मध्ये गाईंनी एका पर्यटक महिलेला तुडवलं, त्यात ती गेली. २०१९ साली इन्सब्रुकच्या न्यायालयाने सगळा दोष शेतकऱ्यावर टाकला. देशभरातले शेतकरी हादरले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा असल्याचा निकाल कायम केला, पण तोवर अनेकांच्या मनात बसायचं ते बसलं होतं.

फ्रान्स या दोघांच्या मध्ये कुठेतरी होता. खासगी वाटेवर मालकाने हरकत घेतली नाही तर लोक जात राहायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जंगलाला कुंपणं घालण्याविरुद्ध कायदा झाला आणि त्यातच एक कलम आलं. मालकाने पाटी लावली असेल तर आत शिरणाऱ्याला १३५ युरोंचा दंड. त्याच वर्षी ग्रनोब्लजवळच्या शार्त्रूझ डोंगरातल्या एका मोठ्या जमीनमालकाने पाट्या लावल्या आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाटा एका रात्रीत बंद झाल्या. मोर्चे निघाले, कलम रद्द करायची मागणी झाली. कुंपणं काढायच्या कायद्यातूनच बिनतारेचं कुंपण उभं राहिलं, ही फ्रेंच राजकारणातली अजब गंमत.

पडलं-झडलं तर?

हंगामात ट्रेलवर गस्तीचं पथक असतं, प्रत्येक ट्रेलला नाव आणि रंग असतो, फोन केला की कुठे आहात ते लगेच कळतं. हंगामाबाहेर तुम्ही आणि ११२ हा नंबर. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका मोफत आहे. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं, म्हणून तिथले लोक 'रेगा' या हवाई सुटका संस्थेला वार्षिक वर्गणी देऊन ठेवतात. तिचा नंबर १४१४. पण वर धुकं असेल तर हेलिकॉप्टर उडत नाही, मग बिलाचा प्रश्नच येत नाही.

पुढे काय होणार?

ज्यांना पर्याय आहे ते सरळ खाली सरकतात. इटलीच्या समुद्रकाठचं फिनाले लिगुरे हे गाव ऑक्टोबर ते एप्रिल सायकलवाल्यांनी भरलेलं असतं. तिथं लिफ्ट नाही, व्हॅनमध्ये सायकली टाकून वर सोडतात.

फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं मेताबिफ हे रिसॉर्ट आल्प्समध्ये येत नाही, पण सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे आहे. २०३० ते २०३५ च्या दरम्यान उतारावरचं स्कीइंग थांबणार हे गृहीत धरून त्यांनी आत्तापासून नियोजन सुरू केलं. १९९३ साली माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा भरवलेलं हे गाव, तिथं सायकल रुजलेली आहे. तरीही केवळ सायकलवर सगळं भागेल, असा दावा तेसुद्धा करत नाहीत.

पोर्ट द्यु सोलेयसारख्या ठिकाणी इतका मोठा निर्णय अजून कुणी घेतलेला नाही. तिथं सध्या गावपातळीवर मांडवली चालते. अमुक डोंगरावर अमुक वारी शिकार, ट्रेलच्या तोंडाशी 'हाकारा चालू आहे' अशी पाटी, तमुक ट्रेल नोव्हेंबरपासून बंद. ही माहिती बहुतेकदा नगरपालिकेच्या फलकावर फ्रेंचमध्ये असते. बाहेरून आलेला माणूस मात्र वाट शोधतो ती ट्रेलच्या ॲपवर, आणि ॲपला शिकारीचे वार माहीत नसतात.

त्यामुळे तिथले गाइड ऑफ-सीझनला येणाऱ्यांना आधी पर्यटन कार्यालयात पाठवतात, शिकाऱ्यांसारखंच चमकदार नारिंगी जॅकेट घालायला लावतात आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून चढ अर्धाच धरायला सांगतात. परतायची वेळही तेच ठरवून देतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्या दिवसापासून मोर्झीनच्या खोऱ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो.